फोडी गेल्या कुठं

पाटोद्याजवळच्या माझ्या सासुरवाडीत सासऱ्यांनी पिराला बोकडाचा नवस बोलला होता. पण दरवर्षी ऊसतोडीला निघायची घाई व्हायची आणि कंदुरी, म्हणजे नवसाचं गावजेवण, पुढं ढकलली जायची. यंदा मुहूर्त लागला तोवर बोकड सहा वर्षांचा झाला होता. असलं मटण शिजता शिजत नाही.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो आणि गप्प बसणं मला जमत नाही. कंदुरीच्या सकाळी मटण कापून परातीत पडलं तसं सासऱ्यांना म्हणालो, "कच्च्या पपईत एंझाइम असतं, ते मटणाचे धागे तोडतं. आपल्या पोटातही अशी तोडणारी टोळी असते. मग दुसरी टोळी त्याच तुकड्यांतून आपलं अंग बांधते."

सासरे विचारात पडले. "म्हंजे उद्या ह्या बोकडाचा मी व्हनार?"

"थोडासा."

"मग जावईबापू, पपई खाल्ल्यावर आपलं पोट कावून इरघळत न्हाई?"

पोटाला आतून बुळबुळीत अस्तर असतं, असं मी सांगत होतो तेवढ्यात आचारी आला. गावातल्या प्रत्येक कंदुरीची डेग, म्हणजे मटणाचं मोठं पातेलं, याच्याच हातची. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, पपईच्या चार फोडी मी बी टाकतो. त्याच्यावर न्हाई."

चार फोडींनी या म्हाताऱ्या बोकडाचं काय होणार, असं मला वाटलं. तो सरपण आणायला गेला तसं मी तीन अख्ख्या पपया किसून मटणात कालवल्या आणि परात उन्हात सरकवली. उबेनं एंझाइम जोरात काम करतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो.

दुपारी पहिली पंगत बसली. ताटात रस्सा आला, हाडं आली, पण फोड एकही नाही. माणसं रश्श्यात बोटं घालून शोधू लागली. चुलतसासरे म्हणाले, "हाडं हायत, मग मटण कुठं गेलं?" आणि सगळ्यांनी आचाऱ्याकडं बघितलं.

तो पळी धरून उभा होता. इतक्या वर्षांत त्याच्यावर असा आळ आला नव्हता. "जे दिलं ते डेगीत हाय," एवढंच तो म्हणाला. कुणीतरी त्याच्या सायकलीची पिशवी उघडून पाहिली. आत कांदे निघाले.

मी ताटाकडं बघत बसलो. एम.एस्सी. झालेला जावई, तोंड उघडलं तर सासुरवाडीत अब्रू जाणार, ही भीती होती. पंगत उठली, मी ताटावर तसाच बसून राहिलो. दुसरी बसली तेव्हा मात्र मला राहवेना. उभा राहून म्हणालो, "मटण एंझाइमनं खाल्लं."

"त्यो कोन? आपल्या भावकीतला हाय का?" चुलतसासऱ्यांनी विचारलं.

मग मी सगळं कबूल केलं. पुरावा म्हणून परातीत चिकटून राहिलेली एक कच्ची फोड उचलली, तर ती दोन बोटांत चटणीसारखी पसरली. पंगत हसून लोळली. सासऱ्यांना तर ठसका लागला.

आचारी हसला नाही. माझ्या ताटात वाढताना हळूच म्हणाला, "सर, चूक कुनाकडनं बी व्हते. पर माझी पिशवी उघडली तवा तुमी हितंच बसलेले व्हता."

मी मान खाली घालून जेवलो. चावायला काहीच नव्हतं, तरी घास उतरत नव्हता.