लिंबाची बी

शेजारच्या सुधाकरकाकांना शेत नाही, पण त्यांच्या काचेच्या कपाटात वीतभर लांबीचे अकरा हुबेहूब ट्रॅक्टर आहेत. खंडेनवमीला काकू प्रत्येकाला काडीने कुंकू लावतात, झेंडूची एकेक पाकळी वाहतात.

यंदा बारावा आला. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतात. काकांनी लिंबाची बी ठेवली.

मी हसलो. "खेळण्यालाही?"

"खेळणं नाही, ट्रॅक्टर आहे," म्हणत काकांनी तो बोटाने ढकलला. चाक वरून गेलं, पण बी काही चिरडली नाही. काका हिरमुसले.

"बरंच झालं," म्हणत काकूंनी ती कुंडीत पेरली.

आपण जीव लावलेली वस्तू आपल्यापुरती कधी लहान नसतेच.

काल कुंडीत दोन पानं दिसली. काका शेतकऱ्यासारखे कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत होते.