सांडलेल्या चहाची बक्षिसी

नीट वाढणाऱ्याला नुसता नमस्कार, आणि सांडणाऱ्याला, फोडणाऱ्याला, विसरणाऱ्याला घसघशीत बक्षिसी, असा उलटा न्याय नेमाने चालवणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मी त्यांना मामाजी म्हणत असे. कचेरीत ते नकलनवीस होते. त्यांनी उतरवलेला निकाल हरलेल्या पक्षालासुद्धा पुन्हा वाचावासा वाटे, असं त्यांचं अक्षर. डोक्यावर काळी टोपी, आणि वर्ध्याच्या वैशाखातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. मी एकदा म्हटलं, ‘मामाजी, उकडत नाही का?’ तर म्हणाले, ‘उकडते तं. पण कोटाले काय माहीत उन्हाळा लागला म्हणून?’ संध्याकाळी कचेरी सुटली की ते घरी न येता आधी स्टेशन रोडवरच्या हॉटेलात जात. चहा ते दोन बशांतून पीत. एका बशीतला पिऊन होईस्तोवर दुसरीतला निवला पाहिजे, असा हिशेब. दुसरी बशी मागितली की नवा वेटर गोंधळून जाई. तो गोंधळला की मामाजी खूष.

माझं लग्न होऊन महिना झाला होता तेव्हा सासूबाईंचा विरोध पत्करून ते मला हॉटेलात घेऊन गेले. त्या काळी घरंदाज बाईने हॉटेलात जाणं म्हणजे अर्ध्या गावाला बातमी. हिरव्या पडद्यामागच्या कोनाड्यात आम्ही बसलो. आलूबोंडे मागवले तर भजी आली. चहा आला तो निम्मा कपात, निम्मा ट्रेमध्ये, आणि उरलासुरला माझ्या नव्या कोऱ्या पातळावर. मी रडकुंडीला आले. वेटर, चांगला पंचविशीचा बाप्या, हातातल्या फडक्याने पातळ पुसावं की टेबल, या विवंचनेत उभा. मामाजींनी त्याला जवळ बोलावलं, गाव विचारलं, आई आहे का विचारलं, घरी कागद टाकतोस का विचारलं, आणि सहा आण्यांच्या बिलावर चार आणे बक्षिसी त्याच्या हातावर ठेवली. त्याला वाटलं, हा म्हातारा आपली टर उडवतो आहे. तो थेट मालकाकडे गेला. मालक गल्ला सोडून आला आणि हात जोडून म्हणाला, ‘साहेब, चूक झाली, पण गरिबाची अशी फजिती नका करू.’ मामाजी शांतपणे म्हणाले, ‘फजिती कायची? ज्याच्या हातून सांडत नाई त्याले सारेच देतात. ज्याच्या हातून सांडते त्याले तुम्ही शिव्या देता, गिऱ्हाईक शिव्या देते. मंग त्याले पैसे कोणी द्यावं?’ मालक परत गल्ल्यावर जाऊन बसला. पातळावरचा डाग काही निघाला नाही.

त्याच हॉटेलात एक वयस्क वेटर होता, दक्षिणेकडचा, गोरापान. वाढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गिऱ्हाईक खुर्चीला टेकायच्या आत पाणी हजर, आणि दुसरी बशी न मागता. दोन वर्षं त्याने मामाजींची सेवा केली आणि दोन वर्षांत त्याला एक छदाम मिळाला नाही. मिळायचा तो रोज उठताना नमस्कार. शेवटी एक दिवस त्याने धीर करून विचारलं, ‘साहेब, माझं काही चुकतं का?’ मामाजी म्हणाले, ‘तुमचं काहीच चुकत नाई. हेच तं आहे.’ म्हातारा विचारात पडला. दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याचा पेला टेबलावर आडवा केला. मामाजींनी ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘मुद्दाम सांडलं. हात थरथरला नाई तुमचा.’ त्या दिवशीही नमस्कारच! हा किस्सा मामाजी स्वतः घरी सांगत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. सासूबाई मात्र हसत नसत. त्या उठून आत जात. मला वाटायचं, पैसा असा उधळलेला त्यांना खपत नाही.

एका दुपारी आम्ही दोघी बाजेवर तुरीची डाळ निवडत बसलो होतो. मी नवी सून, बोलायला विषय हवा म्हणून मामाजींच्या बक्षिसीची गोष्ट काढली आणि हसले. सासूबाईंचा हात सुपातच थांबला.

‘तुले कोणी सांगितलं नाई काय?’ त्या म्हणाल्या. ‘तुले एक दीर आहे.’

मला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या यजमानांनी भावाचं नावसुद्धा कधी काढलं नव्हतं. हा धाकटा मुलगा मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा नापास झालेला, स्वभावाने गरीब आणि हाताने धांदरट. मामाजी तेव्हा फार कडक होते. हॉटेलात वेटरला बक्षिसी देणं म्हणजे आळसाला खतपाणी, असं त्यांचं मत होतं. एकदा कचेरीतली साहेब मंडळी घरी आली. मुलाने आतून चहाचा ट्रे आणला आणि उंबऱ्याला अडखळला. सगळे कप खाली. पाहुण्यांसमोर मामाजी म्हणाले, ‘शाळेत तं दिवे लावलेच. तू हॉटेलात कपबश्या उचलाच्या लायकीचा बी नाई. तिथूनही दुसऱ्या दिवशी हाकलून देतील तुले.’ पाहुणे हसले. मुलगा खाली बसून काचा वेचत राहिला. तिसऱ्या दिवशी तो घरात नव्हता. पुढे कोणी सांगितलं, भुसावळला एका हॉटेलात दिसला. मामाजी रजा काढून गेले. तोवर तो तिथून निघून गेला होता. मग कोणी म्हणालं इटारसी. तिथेही तेच.

‘तवापासून हे असं आहे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘कोणाच्या हातून कप फुटला का यांचा हात खिशात जाते. म्हणतात, आपलाही असाच कुठं फोडत असंन. त्याले देवानं कोणी भेटवावं.’

त्या दिवसानंतर मी मामाजींबरोबर हॉटेलात गेले की बाकीच्या टेबलांकडे पाहत बसे. मला दीर ओळखता येण्यासारखा नव्हता, मी त्याचा फोटोही पाहिलेला नव्हता, तरी पाहत असे.

तीन-एक वर्षं अशीच गेली. एका संक्रांतीला शेजारणीचा भाऊ आला. तो पुलगावच्या मिलमध्ये होता. तिळगूळ हातात घेता घेता म्हणाला, ‘तुमचा धाकटा पुलगावले असते ना आता? स्टेशनसमोरच्या हॉटेलात. सहा महिने झाले पाहून राह्यलो मी.’ पुलगाव! वर्ध्याहून गाडीने तासाभराचा रस्ता. भुसावळ, इटारसी सगळं पालथं घालून तो घराच्या इतक्या जवळ येऊन थांबला होता आणि पुढे आला नव्हता. मामाजींनी त्याला आणखी एक तिळगूळ दिला. रविवारी सकाळी मात्र कोट घालून माझ्यासमोर उभे राहिले. ‘चाल, तुले पुलगाव दाखवतो.’

‘मी कशाला, मामाजी? यांना घेऊन जा.’

‘मोठा त्याच्यावर रागात आहे अजून. भाऊ म्हणून दोन शब्द लावून देईन. तुले त्यानं पाहिलं नाई. परकं माणूस सोबत असलं तं पोट्टा पळणार नाई.’

सासूबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मी नाई येत. पोरगा मले चहा पाजणार आन् मी त्याले पैसे देणार? हे मले नाई जमत. तो घरी येईन तवा पाहीन.’

हॉटेल साधंच होतं. बाकडी, संगमरवरी टेबलं, मिलच्या माणसांची गर्दी. आम्ही कोपऱ्यात बसलो. आणि मी त्याला लगेच ओळखलं, कारण मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना मी उघड्या डोक्याने बाहेर बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. समोरून एक मिशीवाला सडपातळ तरुण येत होता. डाव्या हातावर सहा कपबश्या रचलेल्या, उजव्या हातात पाण्याचे चार पेले, आणि त्या गर्दीतून तो कोणाला खांदासुद्धा न लावता चालला होता. एक थेंब कुठे सांडत नव्हता.

मामाजींना पाहिल्यावर तो क्षणभर थांबला. मग आला, टेबल पुसलं आणि म्हणाला, ‘काय आणू?’

मामाजी मांडीवरची टोपी चाचपू लागले. मीच म्हणाले, ‘चहा. आणि आलूबोंडे.’

बोंडे आले, गरम होते. चहा आला, आणि मामाजींच्या कपाखाली एक बशी नि शेजारी दुसरी रिकामी. ती कोणी मागितली नव्हती. मामाजी त्या बशीकडे बघत राहिले.

‘त्या दिवशी मी जे बोललो ना...’ त्यांनी सुरुवात केली.

‘बाबा, चहा थंड होते,’ तो म्हणाला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘भाऊजी, मी तुमची वहिनी. घरी चला. आई वाट पाहतात.’

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ‘दादाचं लग्न झालं काय? बरं झालं. आईचे गुडघे कसे आहेत?’

‘दुखतात.’

‘सांगजा, मी बरा आहो म्हणून.’

‘तुम्हीच येऊन सांगा ना. कोणी काही बोलणार नाही.’

‘नाई बोलणार, ते मले माहीत आहे. सारे गप बसतीन आन् माह्याकडे पाहतीन,’ तो म्हणाला, आणि पलीकडून हाक आली तसा निघून गेला.

बिल आलं सात आणे. मामाजींनी पाकीट काढलं. इतकं नीट वाढणाऱ्याला ते नमस्कारच करायचे, पण हात काही जुळेनात. ‘ह्याले मी काय देऊ वं?’ त्यांनी मला विचारलं, अगदी लहान मुलासारखं. मग पाच रुपयांची नोट आणि आठ आण्याचं नाणं बशीत ठेवून ते उठले. आम्ही दारापर्यंत गेलो असू, तेवढ्यात तो मागून आला. नोट चौघडी करून त्याने मामाजींच्या कोटाच्या खिशात घातली.

‘गिऱ्हाईक एक आणा ठेवते,’ तो म्हणाला. ‘तेवढा घेतला.’

गाडीत मामाजी खिडकीशी बसले. दहेगाव मागे पडल्यावर म्हणाले, ‘घेतला ना पण? एक आणा घेतला ना त्यानं?’ मी हो म्हटलं. वर्धा येईपर्यंत त्यांनी हे तीनदा विचारलं.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते एकटे पुलगावला जाऊ लागले. बापलेकांत बोलणं काय व्हायचं? ‘काय आणू?’ ‘चहा.’ एवढंच. पण परत आले की सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या असत, आणि मामाजी बातमी देत: ‘आज भजी चांगली होती.’ ‘आज गर्दी होती, तरी माह्या टेबलावर तोच आला.’ सासूबाई विचारत, ‘खंगला काय?’ ‘नाई. दंड भरले आहेत.’ यावर ते महिनाभर काढत. मध्ये नवे पैसे आले, आणा सव्वासहा पैशांचा ठरला, आणि एक आण्याचे सहा पैसे द्यावे की सात, या चिंतेत मामाजींनी दोन रात्री काढल्या. सात दिले तर तो जास्तीचा परत करील, आणि सहा दिले तर आपण मुलाला फसवलं असं होईल. शेवटी ते जुना आणाच शोधून नेऊ लागले. त्यासाठी बाजारातल्या भाजीवाल्या बायांकडे मोड मागत हिंडत.

आणि वर्ध्याच्या हॉटेलातला उलटा न्याय चालूच होता. मी एकदा म्हटलं, ‘मामाजी, आता भाऊजी सापडले. आता कशाला?’ ते म्हणाले, ‘माहा पोट्टा सापडला. बाकीच्यांच्या बापांचं काय?’

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांना ऊन लागलं. कचेरीतून येताना रस्त्यातच बसले. डॉक्टर आले, कांद्याचा रस झाला, ओल्या पट्ट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे माझे यजमान कोणाला काही न सांगता उठले आणि पुलगावच्या गाडीत बसले. जो भाऊ भावाचं नाव घेत नव्हता, तो हॉटेलात जाऊन म्हणाला, ‘चाल. बाबा.’ एवढंच म्हणाला, असं भाऊजींनी मला नंतर सांगितलं. दोघं घरी आले तेव्हा दुपार झाली होती, आणि मामाजी सकाळीच गेले होते. भाऊजींनी अंगणात चपला काढल्या आणि तिथेच बसून राहिले. त्यांना आत न्यायला सासूबाईच बाहेर आल्या.

तेरवीला सारं गाव जेवायला होतं. वाढप्यांपैकी दोघे आलेच नाहीत, आणि पहिली पंगत खोळंबली. भाऊजी उठले. मिशी, केस सगळं काढलेलं, अंगावर फक्त धोतर. त्यांनी भाताची परात घेतली, मग वरण, मग कढीची बादली. कोणाच्या द्रोणाबाहेर थेंब नाही, कोणाला दुसऱ्यांदा मागावं लागलं नाही, म्हाताऱ्यांना मऊ भात, पोराबाळांना बुंदी आधी. कचेरीतली साहेब मंडळी जेवत होती. त्यांच्यापैकी एकजण शेजाऱ्याला म्हणाला, ‘असं वाढणं मी आयुष्यात पाहिलं नाही. कोण हा?’ मी जवळच उभी होते. मी म्हटलं, ‘नकलनवीस साहेबांचा मुलगा.’

चारी पंगती उठल्यावर भाऊजी शेवटी एकटेच पत्रावळीसमोर बसले. मी वाढत होते. आतून भिंतीला धरत धरत सासूबाई आल्या. गुडघ्यांमुळे त्या वर्षानुवर्षं जमिनीवर बसल्या नव्हत्या. त्या हळूहळू त्यांच्यासमोर खाली बसल्या.

‘तू जेवली काय, आई?’

‘नाई. तुह्यासंगं जेवीन म्हटलं.’

ते वाढायला उठू लागले. सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

‘तू बस,’ त्या म्हणाल्या. ‘लई दिवस लोकायले वाढलं. आता जेव.’

मी दुसरी पत्रावळ मांडली. दोघं बराच वेळ जेवत होते. दारातलं ऊन सरकत सरकत भिंतीपर्यंत गेलं तरी सासूबाईंचा डावा हात त्यांच्या मनगटावरच होता, आणि भाऊजी मान खाली घालून, लहान मुलासारखे, मोठे मोठे घास घेत होते.