शेंगपेंडीचा रोहू

गुरांची शेंगपेंड भिजली की तिला एक तेलकट, आंबूस वास सुटतो, आणि मला लग्नानंतरचा दौंडकडचा पहिला उन्हाळा आठवतो. सासूबाई लांबलेल्या तापातून उठल्या होत्या, पण अन्नाला शिवत नव्हत्या. "नदीचा मासा आसंल तर दोन घास खाईन," एवढंच म्हणायच्या. भीमेचं पात्र आटून नुसते डोह उरले होते. नवरा भर उन्हात गळाला गांडूळ लावून बसायचा, आणि बारकी मासळी ते कुरतडून पळायची. माझं माहेर शिरूरचं, घोड नदीकाठचं. गळ टाकायला वडिलांनीच शिकवलेलं. मी म्हणाले, "पाणी तापलंय. मोठा मासा तळाला गारव्याला बसलाय. पहाटं जाऊ, आन् पेंड लावू." तो हसला. "पेंड म्हशीला घालत्यात!" "तुम्ही चला तर खरं." दुसऱ्या दिवशी उजाडताना खडकाखालच्या खोल डोहात मी कणकेत मळलेल्या पेंडीची गोळी सोडली. ऊन वर यायच्या आत दोरी एकदम ताणली. रोहू असा जड, की शेवटी नवरा कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्याला मिठी मारूनच बाहेर आला. दुपारी सासूबाईंनी कालवणात भाकरी कुस्करली, ताट पुसून खाल्लं आणि लेकाला म्हणाल्या, "उद्या बी हिलाच जाऊ दे नदीवर. तू चुलीकडं बघ." तेव्हापासून घरचा गळ माझ्याकडे आहे. आता माझी सून शेजारी बसते, आणि मासा कुठं असेल ते तिला मला विचारावं लागत नाही; पाणी बघून ती स्वतःच ओळखते.