अंगठ्याचा चावा

कासारीण मावशीच्या हातून बांगडी फुटली की ती आधी स्वतःवरच चिडायची, मग गिऱ्हाइकाने हात कितीही ताठ धरलेला असो. "चढवताना फुटली तर चूक कासाराची," असं पुटपुटून ती काच बाजूला सारायची आणि दुसरी बांगडी घ्यायची. निजामाच्या राज्यात जिंतूर ते चारठाणा या वाटेवर डोक्यावर पेटारा घेऊन ती एकटी चालायची. नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलेला होता.

मी तेव्हा जिंतूरच्या अदालतीबाहेर लिंबाखाली बसून अर्ज लिहीत असे. लोक मराठीत सांगत, मी उर्दूत लिहायचो. माझ्या उर्दूचा मला भारी गर्व होता. मावशी येता-जाता लिंबाखाली टेके आणि माझ्या लेखणीकडे बघून म्हणे, "मुन्शीजी, तुमच्या बोटाला लय नखरे हायेत."

एक दिवस ती ओठ फुटलेला, गळा सुजलेला अशी आली. पाटलाचा मेहुणा कित्येक महिने घोड्यावरून तिच्या मागे मागे फिरत होता. आता तिला त्याच्याकडून मुचलका हवा होता. म्हणजे पुन्हा हिच्या वाटेला जाणार नाही, असं त्याने अदालतीला लिहून द्यायचं आणि वर जामीन द्यायचा.

"केस धरून वढ्यात फरफटत न्हेलं. गळा दाबला. म्या त्याचा अंगठा चावला, हाडापस्तोर. हेबी लिहा."

मी हसलो. "मावशी, बाईमाणसाने चावा घेतला हे हाकिमापुढे बरं दिसत नाही."

"मंग गळा सुटला कसा, काय लिवताल?"

मी 'वाटेत अडवून बेअदबी केली' असं झोकदार उर्दूत लिहिलं आणि तिचा अंगठा उमटवून घेतला. वाचायला तिला येत नव्हतं.

सुनावणीला मेहुणा अंगठ्याला फडकं बांधून उभा होता. थट्टा केली, हात लावला नाही, म्हणाला. मावशी पदर सारून गळा दाखवायला लागली तर हाकीम म्हणाले, "अर्जी में जो लिखा है, उतनाच बोलो." मग "मामूली बात है" म्हणून त्याला समज देऊन सोडलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. फडकं सोडायला सांगा, एवढं म्हणायचीही मला हिंमत झाली नाही.

आठव्या दिवशी चारठाण्याच्या भर बाजारात, टळटळीत दुपारी, त्याने तिचा पेटारा उलथा केला, बांगड्या टाचेने चुरडल्या आणि मानेवर पाय देऊन तिचं तोंड त्या काचांत दाबलं. लोक बघत उभे राहिले. मावशीने चाचपून एक काच उचलली आणि त्याच्या पोटरीत खुपसून खाली ओढली, तेव्हा कुठे पाय निघाला. तिचा डावा डोळा गेला.

दुसरा अर्ज मी ती बोलली तसा लिहिला. केस, ओढा, गळा, दात, डोळा, पोटरी, सगळं. हाकिमांनी तो दोनदा वाचला आणि मेहुण्याला पुढे बोलावून अंगठा उघडा करायला लावला. दातांची कमान अजून जशीच्या तशी होती. मुचलका झाला, जामीन झाले. त्या वाटेवर तो पुन्हा दिसला नाही.

हुकमाची नक्कल मी तिला वाचून दाखवली. मग म्हणालो, "मावशी, माझ्यामुळे तुमचा डोळा गेला." ती 'नाही हो' म्हणेल, अशी मला आशा होती.

"व्हय," ती म्हणाली. "चढवताना फुटली तर चूक कासाराची." नक्कल तिने पदरात बांधली, पेटारा उचलला. "आता कुनी बाई आली तर ती सांगंल तसंच लिवा."

ती गेली आणि मी पहिल्या अर्जाचा कच्चा कागद काढून फाडला. त्यानंतर माझ्या अर्जांत रक्त रक्तासारखं येऊ लागलं. मुन्शीची उर्दू बिघडली, असं वकील मंडळी म्हणत. बिघडलीच होती, आणि ती मी पुन्हा सुधारू दिली नाही.