दोनदा भरलेली ओटी

माझं न्हाण दोनदा साजरं झालं. एकदा खोटं, नववीत असताना. एकदा खरं, लग्नाला काही वर्षं होऊन गेल्यावर. बाकीच्या बायकांचं एकदाच होतं आणि हल्ली तेही घरातल्या घरात उरकतात. त्या हिशेबाने मी भाग्यवानच म्हणायची.

डिंभ्याला धरणाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. तिथे मुलगी शहाणी झाली की अजूनही तिला पाटावर बसवतात, हळद लावून न्हाऊ घालतात, मामा हिरवी साडी आणतो आणि वस्तीतल्या बायका ओटी भरून जातात. माझ्या बरोबरीच्या सगळ्या मुलींचं होऊन गेलं. माझ्याहून लहान चुलत बहिणीचंही झालं. मग नळावर बायका आईला विचारायला लागल्या. विचारायच्या अगदी सहज, वांगी लागली का म्हणून विचारावं तसं, पण उत्तर ऐकायला हंडा बाजूला ठेवायच्या. एक दिवस आई नळावरून आली ती सांगूनच आली, की आमच्या पोरीला आलं. मला काहीही आलेलं नव्हतं.

"येईल की आज ना उद्या," ती म्हणाली. "तवर यांची तोंडं तरी बंद व्हतील."

मला कोणी काही विचारलं नाही. मामा साडी घेऊन आला. मी हळदीने पिवळी होऊन पाटावर बसले, आणि एकेक बाई येऊन माझ्या पदरात तांदूळ, नारळ, खारका टाकून गेली. साडी भयंकर टोचत होती. मला आईचा राग आला होता आणि शिरा मात्र मी दोनदा मागून घेतला.

आज ना उद्या काही आलं नाही. कॉलेजात गेल्यावर मंचरला सोनोग्राफी केली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की मला जन्मापासूनच गर्भपिशवी नाही. बाकी सगळं व्यवस्थित होतं. बीजं तयार होत होती, ती रुजायला जागा तेवढी नव्हती. येताना एसटीत, घोडेगाव आल्यावर आई हळूच म्हणाली, "म्या खोटी ओटी भरली, त्याचंच झालं ह्ये." मी वैतागले. पिशवी बनते ती बाळ आईच्या पोटात असताना, तू ओटी भरलीस मी नववीत असताना, देवाने काय मागची तारीख टाकून शिक्षा दिली का, असं मी तिला भर गाडीत सुनावलं. तिने मान हलवली. पटलेलं मात्र तिला तेव्हाही नव्हतं आणि पुढेही नाही.

लग्न ठरण्याआधीच मी होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. आळे गावात त्याची रोपवाटिका आहे, टोमॅटोची, मिरचीची, कडेला आंब्याची कलमं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बघू आपण. हा माणूस सगळ्याच गोष्टींना बघू आपण म्हणतो, हे मला लग्नानंतर कळलं. पण त्या दिवशी मला ते फार बरं वाटलं. मी शाळेत मराठी शिकवायला लागले, दिवस चांगले चालले होते. तरी मला मूल हवं होतं, हे मी लपवत नाही. दत्तक घे, असं मला पुष्कळांनी सांगितलं. सांगणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची दोन होती. दत्तकाला माझी ना नव्हती, आमचं त्यावर बोलणंही झालं होतं. पण पोटात काहीतरी हलल्याचं मला एकदा कळायला हवं होतं. ही इच्छा शहाणपणाची आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अशात आईने टीव्हीवर बातमी पाहिली, की पुण्यात एका आईने लेकीला आपली पिशवी दिली. दुसऱ्या दिवशी मिळेल ती गाडी पकडून ती आळ्यात हजर. हातात मासळीचा डबा. चपला काढता काढताच म्हणाली, "माझी घे. मला काय करायचीय आता?"

मी नाही म्हणाले. ती गेली, पुढच्या महिन्यात परत आली, परत मासळी. कधी रागावून बोलायची, कधी रडायची, कधी जावयाला मध्ये घालायची. जावई बघू आपण म्हणायचा. रोपवाटिकेत येणारं गिऱ्हाईक, शेजारीपाजारी, ज्याला कुणाला कळलं त्याने आम्हाला एकच सांगितलं, की अहो, हे तर कलमच झालं, तुम्हाला काय अवघड? मला याची चीड यायची. कलम करताना झाडाला कोणी विचारत नाही. आणि इथे माझ्या आईला विचारूनही उपयोग नव्हता, कारण ती 'हो'शिवाय दुसरं काही म्हणणारच नव्हती.

शेवटी नुसतं विचारून तर येऊ, म्हणून आम्ही तिघं पुण्याला गेलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी काही गोड करून सांगितलं नाही. किडनी देतात ती जीव वाचवायला, यात कोणाचा जीव वाचत नाही, म्हणाल्या. धडधाकट बाईला टेबलावर घ्यायचं, तासन्‌तास ऑपरेशन करायचं, आणि पिशवी धरेलच याची खात्री नाही. धरली तर मला रोज औषधं, शरीराने ती झिडकारू नये म्हणून. मूल झालं की पिशवी पुन्हा काढून टाकायची, कारण ती औषधं जन्मभर घेणं बरं नाही. आई लगेच म्हणाली, म्हणजे भांडी वापरायला न्यावीत तसंच की. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बसवलं आणि आईशी एकटीशी बोलल्या. मग तिला बाहेर पाठवून मला आत बोलावलं.

"त्या फेड करायला आल्या आहेत," बाई म्हणाल्या. "मी शंभर वाटांनी विचारलं, तुम्हाला नको वाटलं तर? त्या म्हणतात, मला नको वाटायचा हक्कच नाही. अशा बाईला मी हात लावणार नाही. त्यांना घरी न्या."

खरं सांगते, मला आधी बाईंचा राग आला. आत कुठेतरी मी आईचा हो धरून चालले होते, नाही नाही म्हणत असताना सुद्धा. आणि मग लाज वाटली. आई तर जिन्यातच फुगून बसली होती. पोटच्या पोरीला द्यायचं तर यांचं काय जातंय, असं कळंब येईस्तोवर तिचं चाललं होतं. मग ती थकून झोपली.

त्या रात्री ती आमच्याकडेच राहिली. सकाळी नवरा रोपांना पाणी देत होता, आम्ही दोघी बांधावर चहा घेऊन बसलो होतो. मी तिला म्हणाले, आई, तुला त्या ओटीचं एवढं लागलंय, पण त्याच्यानंतर माझं काय झालं ते तू कधी विचारलंस का? त्या दिवसापासून वस्तीत मला कोणी वाकडं बोललं नाही. प्रत्येकीच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं. मी ताठ मानेने शाळेत गेले, कॉलेजात गेले. तुझ्या खोट्याच्या आडोशाने मी वाढले. पाटावर बसून मी रागावले होते, खरं आहे. पण तू माझं वाईट केलं नाहीस. तुझ्याकडे माझं काहीएक निघत नाही.



"आणि दुसरं," मी म्हणाले, "तू नाही म्हणालीस तरी दिवाळीला मी डिंभ्यालाच येणार. तुझ्याच हातचं खाणार. एवढं ध्यानात ठेव आणि मग ठरव."

ती दुपारच्या गाडीने गेली. पुढचे कितीतरी दिवस आली नाही, मासळीही आली नाही. मी मनाची तयारी करून टाकली. दत्तकासाठी कुठे जायचं याची चौकशी नवऱ्याने सुरू केली आणि आम्हाला दोघांनाही त्यात बरं वाटू लागलं. मग एका दुपारी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. तिने विचार केला होता म्हणे. पहिल्यांदा तिला स्वतःच्या जिवाची भीती वाटली होती, ऑपरेशनची. दोन दिवस तर तिने नाहीच म्हणायचं ठरवलं होतं. हे ऐकून मला केवढं हायसं वाटलं ते सांगता येणार नाही.

"आता म्या माझ्यासाठी देतीया," ती म्हणाली. "मला नातवंड बघायचंय. तुझ्या पोटचं. फेडबीड काय न्हाई, लोभ हाय माझा त्यो. लई लोभ हाय. तुला चालंल का?"

मी म्हणाले, चालेल. स्टाफरूममध्ये तोंड भिंतीकडे करून मी रडले.

डॉक्टरीणबाईंसमोर तिने हेच सांगितलं, लोभ हा शब्द धरून. या खेपेला बाई हसल्या. मग परवानगी देणाऱ्या समितीनेही तिला विचारलं, मला विचारलं, नवऱ्याला विचारलं, आणि परवानगी मिळाली. ऑपरेशनाविषयी मला लिहिण्यासारखं फार नाही, मी झोपलेली होते. आईने शुद्धीवर आल्यावर आधी माझी चौकशी केली आणि मग घरच्या शेळ्यांची.

दवाखान्याजवळ आम्ही एक खोली भाड्याने घेतली होती. मला बाहेर हिंडायला बंदी, पाहुण्यांना यायला बंदी, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. आई बरी होऊन डिंभ्याला गेली. मी वाट बघत पडून होते, आणि शाळेतल्या माझ्या मुलींना जे दर महिन्याला नकोसं होतं त्यासाठी नवस बोलायचा तेवढा मी बाकी ठेवला होता. एका सकाळी पोटात दुखू लागलं. मी घाबरले, काहीतरी बिघडलं असं वाटलं. मग कळलं. बाथरूममधून मी नवऱ्याला हाक मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो बघू आपण म्हणाला नाही. तो तिथेच खाली बसला. डॉक्टरांना फोन झाला, त्यांनी तपासलं, सगळं ठीक होतं.

आई दुसऱ्या दिवशी आली. दारातच हात धुतले, मास्क बांधला. मामाकडून साडी मागवायला वेळ नव्हता म्हणून मंचरला थांबून तिनेच घेतली होती, मऊ सुती, हिरवी. डॉक्टरांना विचारून मग मला चिमूटभर हळद लावली. खोलीत पाट नव्हता, मी खुर्चीवर बसले. ना नळावरच्या बायका, ना शिरा. आम्हा दोघांची फळवलेली बीजं दवाखान्यात गोठवून जपून ठेवलेली आहेत, ती पिशवीत ठेवायला अजून काही महिने आहेत, आणि मूल होईल की नाही हे आजही कोणी सांगू शकत नाही. मी तिला ते पुन्हा सांगून पाहिलं. ठाऊक हाय मला, म्हणाली.

तिने खण, नारळ आणि तांदूळ ओंजळीत घेतले आणि माझ्यासमोर उभी राहिली. आणि मग थांबली.

"भरू का?" तिने विचारलं.

मागच्या वेळी तिने विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले आणि पदर पुढे केला.