धुण्याच्या घाटावरचे हंस

आमच्या सासूबाईंच्या मते पक्ष्यांचे फोटो काढणं हा रिकामटेकड्यांचा धंदा. रविवारी पहाटे मी कॅमेऱ्याची बॅग उचलली की त्या दारातच अडवायच्या, "पाखरं पाहाले येवढ्या दूर काहून जाते वं? आपल्या गच्चीवर कबुतरं कमी आहेत काय?" मनीषनगरातल्या शेजारणींना मात्र सांगायच्या, सून ऑफिसात गेली. रविवारी! कोणतं मेलं ऑफिस ते?

आमच्या फोटोग्राफर ग्रुपची आणखी वेगळी तऱ्हा. मी सोडून सगळे पुरुष, आणि मी सोडून सगळ्यांकडे पट्टकादंबाचा फोटो. पट्टकादंब म्हणजे हिमालय ओलांडून हिवाळ्यात आमच्याकडे येणारा हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. ग्रुपच्या प्रदर्शनात दर वर्षी माझा गच्चीवरचा बुलबुल लागायचा, आणि माझं नावच पडलं होतं, गच्चीवाल्या मॅडम. असा संताप यायचा म्हणून सांगू! यंदा हंस मिळवायचाच, असं मी ठरवलं होतं. पण बघता बघता फेब्रुवारी सरत आला, हंसांची परत जायची वेळ झाली आणि माझ्या हातात जेमतेम एक रविवार उरला.

नेमके त्याच रविवारी नवरोबा बाहेरगावी. सासूबाईंना मधूनमधून चक्कर येते, एकटं ठेवायची सोय नाही. म्हटलं, चला आई. त्या लालभडक साडी नेसून तयार!

"आई, लाल नको ना. पाखरं घाबरतात."

"मले पाहून? मी काय वाघ आहे?"

कळमेश्वरच्या पुढे पक्ष्यांसाठी राखलेला एक तलाव आहे. त्याच्या एका टोकाला धुण्याचा घाट आहे, तेवढा गावच्या बायांचा. दुसऱ्या टोकाला बाभळीखाली मी सासूबाईंची खुर्ची मांडली, पराठ्यांचा डबा मांडीवर दिला आणि बजावलं, इथून हलायचं नाही, बोलायचं नाही.

मग आम्ही ग्रुपमधले सगळे हिरवे-मातकट कपडे घालून, डोक्यावर हिरवी चादर ओढून चिखलात पोटावर सरपटायला लागलो. हंसांनी माना वर केल्या, एकदा ओरडले आणि उडून पार पलीकडे. आम्ही पलीकडे सरपटलो, तर ते अलीकडे. उन्हं वर आली, कोपरं सोलून निघाली, फोटो एक नाही. मला रडूच कोसळायच्या बेतात होतं. चिखलानं माखलेली चादर मी सासूबाईंच्या खुर्चीपाशी फेकली आणि दुर्बीण घेऊन बांधावर चढले.

बऱ्याच वेळानं घाटावरून आवाज आला. धप! धप! धप!

"मॅडम, तुमच्या सासूबाईंना आवरा!" ग्रुपचे म्होरके फिसकारले.

पाहते तर काय, खुर्ची रिकामी. गावच्या बायांच्या ओळीत आमच्या सासूबाई, पदर खोचून, माझी चादर दगडावर आपटताहेत आणि मोठमोठ्यानं कोणाच्या तरी सुनेची चौकशी करताहेत. माझं डोकंच फिरलं. तरातरा घाटाकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत पाय थबकले. बायांच्या पाठीमागे, अगदी जवळच्या गवतात, हंसांचा अख्खा थवा निवांत चरत होता. त्यांना कसली भीती? धुणं धुणाऱ्या बाया त्यांना रोजच्याच. पोटावर सरपटत येतो तो एक तर कोल्हा, नाही तर आम्ही.

माझ्यामागून ग्रुपही सरपटत निघाला. हंसांच्या माना पुन्हा वर. सासूबाई धुण्याची मोगरी उगारून उभ्या राहिल्या.

"तिथंच थांबा गा! चोरावानी काहून येऊन राहिले?" सगळे आहेत तिथंच चिखलात आडवे. मग माझ्याकडे वळून, "तू ये वं. ते सोंग उतरव अन् माणसावानी चालत ये."

मी जाकीट काढलं, चालत गेले आणि त्यांच्याशेजारी दगडावर बसले. त्या चादर आपटत होत्या, मी फोटो काढत होते. एका हंसानं मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," सासूबाई म्हणाल्या आणि चादर पिळायला तिचं एक टोक माझ्या हातात दिलं.

फोटो झक्क आला होता. हंसाच्या डोळ्यातली चमकसुद्धा दिसत होती. फक्त डाव्या कोपऱ्यात भला मोठा, धूसर, लालभडक ठिपका. म्होरके म्हणाले, "तेवढा कोपरा कापा, मॅडम. प्रदर्शनात मधल्या भिंतीवर लावतो. नाही तर दाराजवळच लावावा लागेल."

मधली भिंत! खोटं कशाला बोलू, जीव तुटला माझा. पण आपल्याच सासूबाईंना कापायचं म्हणजे काय? म्हटलं, लावा दाराजवळ.

प्रदर्शनाच्या दिवशी सासूबाई आल्या त्या चार शेजारणींना घेऊनच. फोटोपुढे उभ्या राहिल्या. "यात मी कुठं?" मी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं, मान डोलावली आणि तिथंच ठाण मांडलं. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्या तावडीत.

"हे लाल दिसते ना, ते मी," त्या सांगत होत्या. "अन् ते मागचं बदक माझ्या सुनेनं काढलं."