यादीतलं दुसरं नाव

आज सकाळी चहा पिताना सहज पाहिलं, तर माझ्या प्रोग्रामच्या पानावर 'सहभागी: दोन' असं दिसलं. कप हातातच राहिला.

मराठी शब्दकोडी तयार करणारा हा छोटासा प्रोग्राम मी तीन वर्षांपूर्वी नेटवर खुला ठेवला. कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा; जो सुधारेल त्याचं नाव सहभागींच्या यादीत येतं, आणि आजवर तिथे मी एकटाच होतो. पण लिहिला मात्र मला आवडणाऱ्या, फारशा कुणाला न येणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत. ऑफिसातला समीर तेव्हाच म्हणाला होता, "अरे, सगळे वापरतात ती भाषा घे ना. माणसं येतील." खरंच होतं त्याचं. पण त्या भाषेत मी दिवसभर नोकरी करतो. या भाषेत एक ओळ मनासारखी जमली की खोलीत एकटाच हसतो. आनंदाला सोबत लागतेच असं नाही, हे मी स्वतःला पटवलं होतं. मग तो दोनचा आकडा पाहून चहा विसरलो कशाला?

दुसऱ्या नावावर टिचकी मारली. तो मीच होतो. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, तिथल्या खात्यातून, एक चूक दुरुस्त केली होती.

दोन्ही नावं एक करायला मिनिटभर पुरतं. म्हटलं, आजचा दिवस असू देत दोघं.